विचारले तेवढेच लिहावे

मित्रांनो, परीक्षेच्या पॅडलाही म्हातारपण येते, हे तुमच्या गावीही नसेल. मला ते आले आहे. माझे कोपरे फुगले आहेत, चिमटा गंजला आहे आणि पाठीवर कर्कटकाने कोरलेला एक बदाम आहे. तो वर्गातल्या एका गुणी मुलाचा पराक्रम.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी गठ्ठ्यात पडून होतो. सुनीतीबाईंनी माझा चिमटा चार वेळा उघडून पाहिला, तो सैल असल्याचे दुकानदाराला सुनावले आणि तरीही मलाच घेतले. सदाशिव पेठेतल्या शाळेत त्या मराठी शिकवत. बावीस वर्षे त्यांनी माझ्यावर पेपर ठेवून तपासले. मुलाने प्रश्नाबाहेरचे काही लिहिले, की बाई ते लाल पेनाने खोडत आणि समासात लिहीत, "विचारले तेवढेच लिहावे." मुख्याध्यापक त्यांनी तपासलेले पेपर नव्या शिक्षकांना दाखवत. त्या मानात माझाही वाटा आहे, असे मी धरून चालत असे.

मग बाई निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेले होते. पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडाव्या लागल्या आणि मुलगा आमोद त्यांना वाघोलीच्या फ्लॅटवर घेऊन आला. तिथे त्यांची गादी हॉलमध्ये पडे आणि टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना आडवे होता येत नसे. आपले काहीतरी सुरू करावे आणि पुन्हा स्वतःच्या दोन खोल्या घ्याव्यात, एवढेच त्यांच्या मनात होते. हाताशी फंडाची रक्कम होती. ती काही दुसऱ्यांदा मिळत नाही.

महिलांच्या एका शिबिरात त्यांना सांगण्यात आले, की व्यवसाय आपल्या मनाने ठरवू नये, आधी लोकांना विचारावे. बाईंना ते पटले. त्यांनी तीन कल्पना काढल्या: हस्ताक्षर वर्ग, घरगुती मसाले आणि शिवणकाम. चाळीस फॉर्म छापून आणले. मला माळ्यावरून काढून ओल्या फडक्याने पुसले. त्या दिवशी मी किती खूश होतो म्हणून सांगू!

आठ दिवस आम्ही सोसायटीचे जिने चढलो. "मुलांचे अक्षर सुंदर असावे असे आपणांस वाटते का?" हा पहिला प्रश्न. याला नाही कोण म्हणेल? "हस्ताक्षर वर्ग हवा का?" हा दुसरा. इथे कुणी "नाही" लिहिले, की बाई दारातच पाच मिनिटे समजावत. शेवटी समोरचा बिचारा "बरं काकू, हो लिहितो" म्हणून उत्तर सुधारून देई. मसाल्यांपुढचे "नाही" मात्र त्या जसेच्या तसे राहू देत.

तिसऱ्या मजल्यावर ऋचा राहते. ती आयटीत नोकरी करते. कडेवर दीड वर्षाची मुलगी घेऊन तिने फॉर्म भरला आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिले, "पाळणाघर काढाल का? प्लीज." पेन असे दाबून चालवले, की ते मला टोचले. पुढच्या दारातही कुणी तेच लिहिले, आणि त्याच्या पुढच्याही. रस्त्याकडेच्या गाळ्यांचे मालक सोनबा लिहिण्याच्या भानगडीत न पडता तोंडीच म्हणाले, "बाई, अक्षराचं ऱ्हाऊ द्या. हितं आईबाप दोघं कामाला जात्यात. पोरं सांभाळाया माणूस घावत न्हाय." बाईंनी त्यांना नम्रपणे सांगितले, की तो प्रश्न यात नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी बाईंनी सगळा गठ्ठा माझ्या चिमट्यात लावला आणि लाल पेन उघडले. पाळणाघर दिसले, खोडले. पुन्हा दिसले, पुन्हा खोडले. प्रत्येक ठिकाणी समासात तेच वाक्य लिहिले. सव्वीस वेळा! प्रत्येक रेघ माझ्या अंगावर उमटत होती आणि मी ओरडू शकत नव्हतो. मग त्यांनी निकाल लावला. हस्ताक्षर वर्ग पहिला आला.

सोनबांचा गाळा घेतला, बाके केली, पाटी रंगवली. पहिल्या महिन्यात पाच मुले आली. दिवाळीनंतर दोनच उरली. मार्चमध्ये बाके भंगारात गेली, फंड तर त्याआधीच संपला होता. जूनमध्ये त्याच गाळ्यात दुसऱ्याच कुणीतरी पाळणाघर काढले. आता तिथे सकाळी चपला काढायला जागा नसते.

एकदा मुलीला तिथे सोडून येताना ऋचाने बाईंना सहज विचारले, "काकू, मी तेव्हा फॉर्मवर लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नव्हतं का?" बाईंना काही आठवेना. घरी येऊन त्यांनी गठ्ठा काढला आणि एकेक फॉर्म पाहिला. चाळीसही पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋचाला जिन्यात गाठले.

"लिहिलं होतंस तू," त्या म्हणाल्या. "मीच खोडलं."

ऋचा म्हणाली, जाऊ द्या हो काकू. तिला कामावर जायची घाई होती.

मित्रांनो, आपली निगा राखा, असे सांगून आम्ही वस्तू निरोप घेतो. मला तसे काही सांगायचे नाही. मी गॅलरीत टँकरच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडलो आहे आणि दिवसेंदिवस फुगतो आहे. माझे होईल ते होईल. पण कुणाला काही विचारलेत, तर त्याचे सांगून होईपर्यंत पेन खाली ठेवत जा. बाईंना हे कळले, पण कळून करणार काय? पुन्हा सुरू करायला त्यांच्याजवळ काहीच राहिलेले नाही.

परवा आमोदने गॅलरीला काचा लावून घेतल्या. बाईंची गादी इथे हलवायची ठरली आहे. कशी वाटते जागा, असे त्यांना घरात कुणीही विचारले नाही.