नावाडीबाबांचा साचा

मी एक जुना साचा आहे. प्लॅस्टरचा, दोन भागांचा, मधोमध दोरीने बांधलेला. मूर्तिकाराच्या कारखान्यात दाराजवळच्या फळीवर मी राहतो. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, पण माझे काम नक्की पाहिले आहे. तुमच्या शाळेच्या जिन्यापाशी, वाचनालयात किंवा चौकात भरघोस मिशांचा, करारी जबड्याचा तो अर्धपुतळा असतो ना, नावाडीबाबांचा? तो माझ्या पोटातून निघाला. असे शंभराच्या वर पुतळे मी देशाला दिले. बढाई वाटली तर वाटू द्या, खोटे तर नाही!

नावाडीबाबांची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. स्वातंत्र्याच्या लढाईत गोळीबार चालू असताना त्यांनी नदीच्या अकरा फेऱ्या मारून माणसे अलीकडे आणली. बाराव्या फेरीहून मात्र ते परतले नाहीत.

देश स्वतंत्र झाला आणि त्यांच्या पुतळ्याचे काम आमच्या मूर्तिकाराकडे आले. त्याला सगळे अण्णा म्हणतात. तेव्हा अण्णा तरुण होता. अडचण एवढीच, की नावाडीबाबांचे छायाचित्र कुठे मिळेना, आणि त्यांच्या घरी जाऊन विचारायचे कोणाला सुचले नाही. ज्याला विचारावे तो म्हणे, "फार धीराचा माणूस!" पण धीराच्या माणसाचे नाक कसे असते, ते कोणी सांगेना. अण्णा आठ दिवस मातीच्या गोळ्यासमोर डोके धरून बसला. नवव्या दिवशी त्याचे सासरे मुक्कामाला आले आणि खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसले. अण्णाने वर पाहिले आणि त्याचे हात भराभर चालू लागले.

पुतळा पाहून त्याची बायको ओरडलीच, "अहो, हे तर माझे बाबा!"

"हळू बोल," अण्णा म्हणाला. "कोणाला कळतंय?"

आणि खरोखर कोणाला कळले नाही. त्या मातीवर प्लॅस्टर ओतून माझा जन्म झाला. मग मागणी आली की प्लॅस्टर चिकटू नये म्हणून माझ्या आतून साबणाचे पाणी फिरे, पांढरे प्लॅस्टर ओतले जाई, दोरी सुटे आणि आणखी एक नावाडीबाबा बाहेर येत. कानामागची सांध्याची रेघ अण्णा पातळ सुरीने खरवडून काढी. पुढे तो चेहरा पाठ्यपुस्तकात आला. मोठमोठी माणसे त्याला हार घालू लागली. टपालखात्यात कारकुनी केलेल्या, नावेत पाय ठेवताच गरगरणाऱ्या त्या सासऱ्यांना सारा देश नमस्कार करू लागला! मला त्यात काही गैर वाटले नाही. मी भलताच खुशीत होतो.

पुढे अण्णा थकला आणि त्याची लेक कारखाना पाहू लागली. यंदा शिक्षणखात्याचे साहेब नव्या शाळांसाठी पुतळे सांगायला आले होते. मला फळीवरून खाली काढले होते. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. त्यांनी टेबलावर एक पिवळट फोटो ठेवला आणि म्हणाल्या, "मी नावाडीबाबांची मुलगी. आई गेली, तिची पेटी आवरताना हा सापडला."

फोटोत एक सडपातळ पोरगा होता. मिशी नाही, कान बाहेर आलेले, आणि हसून हसून डोळे मिटलेले. शेवटच्या फेरीच्या वेळी त्याचे वय होते सव्वीस. मित्रांनो, ज्यांना आपण बाबा म्हणतो ते तुमच्या थोरल्या दादाएवढे होते!

"आईनं हा कधी दाखवलाच नाही," बाई म्हणाल्या. "शाळेतल्या पुतळ्याकडे बोट दाखवून मी मिरवायचे, हे माझे बाबा. तिला वाटलं असेल, पोरगी खूश आहे तर असू दे. ते गेले तेव्हा मी चार वर्षांची. आता डोळे मिटले की मला तुमचा पुतळाच दिसतो हो. माझे बाबा दिसतच नाहीत."

कोपऱ्यात बसलेल्या अण्णाचा चेहरा पडला. त्याने सासऱ्यांची गोष्ट सांगून टाकली आणि हात जोडले. मीही तेव्हा पहिल्यांदा शरमलो.

साहेब गडबडले. "चूक झाली खरी. पण लोकांना हाच चेहरा माहीत आहे. हे हसरं पोर देश ओळखणार तरी कसं?"

"मग ओळख करून देऊ की," अण्णाची लेक म्हणाली आणि तिने माती भिजवायला घेतली.

बाई रोज येऊन बसत. फोटोतला चेहरा नखाएवढा. लेक विचारी, "हनुवटी अशी होती का?" बाई मान हलवत, "नाही गं आठवत." सहा दिवस असेच गेले. मला वाटले, माझ्या चेहऱ्याने यांचा बाप कायमचा पुसून टाकला. सातव्या दिवशी लेकीने कान बसवले. बाई उठल्या आणि त्यांनी ते ओले कान दोन्ही हातांनी धरले.

"खांद्यावर बसवायचे मला," त्या एकदम म्हणाल्या. "मी पडेन म्हणून हे कान घट्ट धरायचे. दुखायचं त्यांना, तरी हसायचे." मग त्या रडू लागल्या आणि रडता रडता हसू लागल्या. तेव्हा त्यांचेही डोळे अगदी तसेच मिटले होते. लेकीने ते पाहिले आणि पुतळ्याचे डोळे तिथल्या तिथे पुरे केले.

साहेबांनी नवा पुतळा पाहिला, टोपी काढली आणि ते म्हणाले, "पहिला मी शिकलो त्या शाळेला द्या."

उद्या सकाळी अण्णा स्वतः मला फोडणार आहे, म्हणजे चुकीचा चेहरा पुन्हा निघायला नको. मी घाबरलेलो नाही. फळीवर नव्या साच्याला जागा हवी, आणि ती मी आनंदाने देईन. फक्त एवढे ऐका, मित्रांनो. पुतळ्यांची धूळ पुसा, त्यांना हारही घाला. पण त्यांच्या घरचे कोणी हयात असेल तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, ते हसायचे कसे? देशासाठी जीव देणारा माणूस कोणाचातरी बाप होता. तो त्याच्या लेकीच्या डोळ्यांसमोरून जाऊ देऊ नका.