छप्पन्न किलोंची सायकल

मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची. माणसांत या वयाला चौथी इयत्ता म्हणतात, आमच्यात भंगार म्हणतात.

मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझं अंग लोखंडाचं नाही, कार्बनचं आहे. म्हणून मी अवघी नऊ किलोंची. ताकद म्हणाल तर पुष्कळ; डोंगरउतारावर माणसाला घेऊन मी बिनधास्त सुटते. पण आमच्या जातीला एक खोड आहे. कितीही ओढा, कितीही दाबा, आम्ही सोसतो. मात्र बाजूने एखादी जड वस्तू आपटली की काचेसारख्या तडकतो. ही गोष्ट माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत सहा भाषांत छापलेली होती. मराठी सातवी पडली असावी.

पुण्याच्या एका गृहस्थांनी मला हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं आणि गुडघ्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने विकलं. मधल्या काळात मी बाल्कनीत उभी होते. तिथून मला सुनीलभाऊंनी आणलं. सुनीलभाऊ नागापूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करतात आणि पारनेरच्या बाजूच्या एका वाडीत राहतात. त्यांची लेक संस्कृती तेव्हा नववीत होती. जिल्ह्याच्या शर्यतीत ती शाळेच्या लोखंडी सायकलवर दुसरी आली होती आणि रडली होती. मला आणायला दिवाळीचा बोनस आणि दोन शेळ्या लागल्या. शेळ्यांबद्दल मला आजही संकोच वाटतो.

वाडीत माझं स्वागत झालं. कडूबाईंनी, म्हणजे संस्कृतीच्या आईने, मला हळदकुंकू लावलं. बाकीचे लोक मला चारही बाजूंनी बघून गेले.

"सुनील, हिला ष्टँड न्हाई?"

"न्हाई."

"क्यारेज?"

"न्हाई."

"घंटी तरी?"

"न्हाई, तात्या."

"आरं, मंग यवढं पैसं कशाचं दिलं? नसल्याल्या सामानाचं?"

पण चार वर्षं मी मान खाली घातली नाही. पहाटे उठून पारनेर-सुपा रस्ता, सुट्टीच्या दिवशी पुढे घाट. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे वारा चुकवत ती मला पळवायची आणि ट्रॅक्टरवाले मागे वळून हसायचे. नंतर हसायचे बंद झाले, कारण चढावर आम्ही त्यांच्या पुढे जायला लागलो. राज्याच्या शर्यतीत संस्कृती पहिली आली. पेपरात फोटो आला. त्यात मी निम्मी दिसत होते, पण होते.

मग पंजाबातल्या एका सराव केंद्राचं बोलावणं आलं. सायकली तिकडेच मिळतील असं कळवलं होतं, म्हणून ती मला घरी ठेवून गेली. महिन्याभराने तिचा फोन आला. केंद्राच्या सायकली आधी निवडलेल्या खेळाडूंना. निवड चाचणी ज्याने त्याने आपापल्या सायकलवर द्यायची. चाचणी पुढच्या रविवारी. त्यात निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथेच. नाही झाली तर परतीची गाडी.

"पप्पा, माझी सायकल पाठवा. विमा काढून पाठवा. तिला काही झालं तर माझं काही खरं नाही."

सुनीलभाऊंनी रजा टाकली, सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याची मोठी पेटी मागून आणली आणि मला टेम्पोत घालून नगरला मालवाहतुकीच्या ऑफिसात नेलं. तिथे बन्सी नावाचे कारकून होते. माणूस चांगला, पण फॉर्म वाईट.

"गाडीचं आरसी बुक?"

"सायकल हाय, साहेब."

"सायकल मला बी दिसतीय. पण विम्याच्या फॉर्मात 'दुचाकी' असंच हाय. चासी नंबर?"

सुनीलभाऊंनी मला उलटं करून पोटाखालचा नंबर वाचून दाखवला. मूळ बिल पुण्याच्या गृहस्थांच्या नावाचं निघालं. मग त्यांचं पत्र मोबाईलवर मागवलं, त्याची छापील प्रत काढली, तिच्यावर सही केली. चारी बाजूंनी फोटो काढले. आयुष्यात इतकी कागदपत्रं संस्कृतीचीसुद्धा झाली नसतील. मग बन्सीभाऊंनी टेप काढून पेटी मोजली.

"छप्पन्न किलो."

"अवो, नऊ किलोची हाय ती! काट्यावर ठिवा."

"काट्याचं वजन चालत न्हाई, भाऊ. जागेचं वजन धरत्यात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. छप्पन्न."

"मंग राह्यलेलं सत्तेचाळीस किलो काय हाय?"

बन्सीभाऊंनी पेटीत डोकावून पाहिलं. "हवा," ते म्हणाले.

भाडं, विम्याचा हप्ता, 'नाजूक माल' ही चिठ्ठी चिकटवण्याचे वेगळे पैसे. सगळं मिळून आकडा असा झाला की तेवढ्यात सुनीलभाऊ स्वतः एसी डब्यातून मला मांडीवर घेऊन गेले असते. पण रजा एकच दिवसाची होती. फॉर्मवर 'मालाचे वर्णन' या रकान्यात बन्सीभाऊंनी लिहिलं: जुनी सायकल, नग एक. सुनीलभाऊंनी खाली सही केली.

"पेटी घरी नेऊन नीट बांधा, लई हलतीय आत," बन्सीभाऊ म्हणाले. "उद्या सकाळी आमची गाडी घरूनच उचलंल. आन् तिकडं पेटी उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढाया सांगा. त्याबिगर विम्याचा दावा होत न्हाई."

संध्याकाळी घरी सुनीलभाऊंनी माझी चाकं काढली आणि मला पेटीत निजवलं. मग कडूबाईंना छप्पन्न किलोंची हकिगत सांगितली. मित्रांनो, त्या बाईंनी शाळा चौथीत सोडली, पण हिशोब त्यांना पहिल्या झटक्यात समजला.

"अवो संस्कृतीचे पप्पा, हवेचं भाडं भरायचं, आन् हवाच पाठवायची व्हय?"

सुनीलभाऊंनी पेटी बांधायला घेतलेली सुतळी खाली ठेवली. आमच्याकडे लेकीकडे जाणारी पिशवी रिकामी जात नाही, आणि ही तर पेटी होती. एका कोपऱ्यात बाजरीचं पीठ गेलं. दुसऱ्या कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी, कुरडया, तुपाची बरणी. पोर फोनवर म्हणाली होती ना, तिकडचं जेवण सपक लागतं.

"फॉर्मावर लिहिलं न्हाई गं हे," सुनीलभाऊ म्हणाले.

"चटणी काय फॉर्मावर लिहित्यात?"

मग त्या आत गेल्या आणि खलबत्ता घेऊन आल्या. लोखंडी. "चटणी सरली की ताजी कुटून खाईल. मिक्सरची तिला गोड लागत न्हाई." तो त्यांनी स्वतःच्या मऊ लुगड्यात गुंडाळून बांधला आणि पेटीतली सगळ्यात सुरक्षित जागा शोधून ठेवला. ती जागा म्हणजे माझ्या दांडीखालचा त्रिकोण. माझं पोट. ठेवून वरून हात फिरवला, बाळाच्या अंगावर फिरवतात तसा.

मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तर तेव्हाच ओरडले असते.

दोन दिवस लुगड्याने त्याला धरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी गाठ सुटली. चौथ्या दिवशी, कुठला मुलूख होता मला ठाऊक नाही, गाडीने करकचून ब्रेक मारला आणि बत्ता माझ्या दांडीवर आला. आवाज फार मोठा झाला नाही. कांडं मोडावं तेवढाच. पुढे शेकडो मैल तो प्रत्येक खड्ड्याला त्याच जागी येत राहिला. पेटीवर 'नाजूक माल' ही चिठ्ठी अखेरपर्यंत नीट चिकटलेली होती.

शनिवारी दुपारी मी पोचले. संस्कृतीची मैत्रीण, केंद्रात आधीच निवड झालेली मोनिका, मोबाईल धरून उभी राहिली आणि संस्कृतीने पेटी उघडली. व्हिडिओत सगळं आलं. आधी चटणी आली, तेव्हा ती खुदकन हसली. मग पीठ. मग तूप. मग लुगडं, ते तिने नाकाला लावलं. मग खलबत्ता निघाला. आणि मग तिची बोटं माझ्या दांडीवरून सरकत गेली आणि थांबली. भेग हाताला लागत होती. बत्त्याच्या तोंडाएवढा गोल खळगा आणि त्यातून दोन्हीकडे गेलेली चीर.

"व्हिडिओ बंद कर," ती म्हणाली.

रविवारची चाचणी तिने मोनिकाच्या जुन्या सायकलवर दिली. मोनिका तिच्यापेक्षा वीतभर उंच. संस्कृतीचे पाय पायडलला जेमतेम पुरत होते. अकरा सेकंदांनी तिची निवड हुकली. मी केंद्राच्या कोठीत भिंतीला टेकून होते, मला फक्त शिट्टी ऐकू आली.

विम्याच्या दाव्यासाठी मोनिकाने व्हिडिओ नगरला पाठवला. बुधवारी संस्कृतीला बन्सीभाऊंचा फोन आला.

"ताई, व्हिडिओ बघितला. आवघड हाय. फॉर्मवर फक्त सायकल, आन् आत सगळा बाजार. पण साहेबांनी एक वाट काढलीय. सामान कोणी ठिवलं, त्याचं लेखी निवेदन द्या. सदर खलबत्ता मी ठेवला, त्याने नुकसान झालं, यवढंच. सही करा. निम्मी रक्कम तरी मिळंल."

"सही कोणाची?"

"ठिवणाराची. तुमच्या आईची आसंल."

"म्हणजे आईला सांगावं लागेल."

"काय?"

"कशानं मोडली ते."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बन्सीभाऊ हळूच म्हणाले, "फॉर्मवर काही तरी लिहावं लागतंय, ताई. काय लिहू?"

"लिहा, दावा मागे घेतला."

त्याच संध्याकाळी माझ्याशेजारी बसून तिने घरी फोन केला.

"सायकल नीट पोचली गं आई. एक ओरखडा नाही. मीच कमी पडले."

"रडती कशाला? खाल्लं न्हवतं तू. मला ठावं हाय. चटणी पुरली न्हाई का? पुढल्या येळी दोन डबे वाढीव घालिते बघ. पेटीत जागा लई हुती."

"हां आई. घाल."

संस्कृती परतीच्या गाडीने गेली. मला नेलं नाही. दांडीवरचा खळगा कडूबाईंनी एका नजरेत ओळखला असता. घरी तिने सांगितलंय, सायकल केंद्रात ठेवलीय, पुढच्या वर्षी लागेल. मी इथेच आहे, कोठीत. मोनिका महिन्यातून एकदा फडक्याने पुसते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा, हे तुम्हाला पुस्तकातून सांगतीलच. मला वेगळंच मागायचंय. तुमच्यापैकी कोणी कधी पारनेरकडे गेलं आणि कडूबाई भेटल्या, तर त्या माझी चौकशी करतील. त्यांना म्हणावं, सायकल बरी आहे. अजून पळते, म्हणावं.