ऑर्लिनचा बशीएवढा केक

ऑर्लिन स्क्रामस्टाडला मुलीने नाताळात एअर फ्रायर दिला, तेव्हा पहिले सहा आठवडे त्याने तो हातमोजे वाळवायला वापरला. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरून आलं की मोजे चिंब व्हायचे, आणि या यंत्रात ते बारा मिनिटांत कुरकुरीत होत. मुलगी फोनवर विचारायची, बाबा, वापरतोस ना? तो म्हणायचा, रोज. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्याने आपण होऊन फोन केला आणि यात केक होतो का असं विचारलं, तेव्हा तिकडे मिनियापोलिसमध्ये त्याच्या मुलीने, ब्रिटाने, हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कसला केक?"

"चॉकलेटचा. छोटा. ग्लुटेन नसलेला."

आता ती खुर्ची ओढून बसली. गाव सोडून तिला वीस वर्षं झाली होती, पण साडेआठशे वस्तीच्या नॉर्डबीत गहू न चालणारी माणसं किती, हे तिला नेमकं माहीत होतं. एक.

"मार्लिस ऑडेगार्डसाठी?"

"सगळ्यांसाठी," ऑर्लिन म्हणाला. "उद्या चर्चनंतर कॉफी असते. काहीतरी न्यावं म्हटलं."

"आई गेल्यापासून आठ वर्षांत कधी काही नेलं नाहीस."

"म्हणूनच."

मार्लिस ऑडेगार्डने गावच्या पोस्टात एकतीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांची अक्षरं सुधारली होती. गेल्या मार्चमध्ये डॉक्टरने तिचा गहू बंद केला. गव्हाचा कणही चालणार नाही म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी चर्चच्या तळघरात बाकीचे लोक गोड वड्यांच्या सात ताटांभोवती घिरट्या घालायचे आणि मार्लिस कोपऱ्यात बसून घरून आणलेलं केळं सोलायची. तिने कधी तक्रार केली नाही. पण ती ते ज्या तऱ्हेने सोलायची, ते ऑर्लिनला बघवत नसे. अकरा महिने त्याने ते बघितलं होतं.

त्याला तिला एवढंच म्हणायचं होतं, की जेवताना समोर बसत जा. मात्र असलं वाक्य नॉर्डबीत कोणी कोणाला तोंडाने बोलल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. त्याचं स्वतःचं लग्नही ट्रॅक्टरची बॅटरी उसनी देण्यातून जुळलं होतं. तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता: मार्लिसने त्याच्या हातच्या केकचा एक तुकडा खाल्ला, की वाक्य बोलून झालं.

केक तिच्या घरी नेऊन देण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या दारासमोरच लव्हॉन ब्रेककेचं स्वयंपाकघर होतं. लव्हॉनबाई चर्चच्या मुदपाकखान्याच्या प्रमुख होत्या आणि दिवसाचे नऊ तास खिडकीशी भांडी घासायच्या. झाकलेली ताटली घेऊन ऑर्लिन त्या दारात दिसला असता, तर तो घरी पोचायच्या आत पास्टरबाईंनी लग्नाची तारीख बघायला घेतली असती.

ब्रिटाने कृती सांगितली. बदामाचं पीठ, कोको, अंडी, लोणी, साखर. सांगताना तिने विचारलं, की यंत्रात आधी ब्रेडचा चुरा लावलेलं काही तळलं होतं का. ऑर्लिनने ठामपणे नाही म्हटलं. लोकरीत ग्लुटेन नसतं. तरीही फोन ठेवल्यावर त्याने टोपली व्हिनेगर घालून तीनदा घासली.

पहिल्या केकच्या वेळी भांड्यातला कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापल्या तारेला चिकटला आणि धुराचा भोंगा बोंबलला. दुसऱ्याच्या वेळी कागद राहिला, घोळ उडाला. म्हणजे पुरता उडाला नाही, वाऱ्याने एका कडेला सरकला आणि तसाच शिजला. केकला चांगला उतार आला होता. ऑर्लिनने तो सिंकपाशी उभ्या उभ्या उताराच्या बाजूने खाल्ला. तिसऱ्या खेपेला त्याने भांड्याचं तोंड चांदीच्या कागदाने गच्च बांधलं, त्याला चार भोकं पाडली आणि पंचवीस मिनिटं यंत्रासमोर खुर्ची टाकून बसला, तळ्यावर बसतो तसा. दात कोरायची काडी खुपसली, ती कोरडी बाहेर आली. बशीएवढा केक, मधे एक बारीक भेग. तो त्याच्याकडे पाहून दोनदा हसला आणि घरात कोणी नाही ना हे त्याने बघून घेतलं.

मग त्याने डाव टाकला. एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ग्लुटेन-फ्री'. नॉर्डबीत हे दोन शब्द वाचून कोणी हात पुढे करत नाही. लोकांना वाटतं त्यात औषध आहे. केक सगळ्यांसाठी म्हणून टेबलावर राहील, कोणी शिवणार नाही, आणि आठच्या आठ तुकडे मार्लिसचे. शिवाय त्याने घरून नवी कोरी सुरी आणली आणि ठरवलं की ती हातातून सोडायची नाही. वड्यांच्या ताटातली एखादी सुरी त्या केकमध्ये शिरली, की गव्हाचा चुरा आलाच.

रविवारी तळघरात त्याने केक वड्यांपासून लांब, हीटरजवळच्या पत्त्यांच्या टेबलावर मांडला आणि सुरी घेऊन शेजारी उभा राहिला. लोक यायचे, कार्ड वाचायचे, सुरीकडे बघायचे आणि हवामानाबद्दल दोन शब्द बोलून वड्यांकडे वळायचे. डाव झकास चालला होता.

मार्लिस आली. तिने कार्ड वाचलं. मग पार्सल तपासावं तशी चौकशी केली.

"ओटचं पीठ?"

"नाही. बदाम."

"भांडं?"

"नवं. एअर फ्रायर तीनदा घासलाय. सुरीही नवी."

तिने केकवर वाकून वास घेतला. अकरा महिन्यांत तिचा चेहरा इतका सैल झालेला ऑर्लिनने पाहिला नव्हता. त्याने तुकडा कापून पुढे केला.

"नको, नको," मार्लिस म्हणाली. "एवढासा तर आहे. लोकांना होऊ दे."

ऑर्लिनला यात वावगं काही वाटलं नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस म्हणतो, बरं, तुमचा आग्रहच आहे तर अगदी कणभर. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा एक माणूस नॉर्डबीत होऊन गेला. तो शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातला होता. ऑर्लिनने तुकडा परत ठेवला आणि दुसऱ्यांदा विचारायला किती मिनिटं थांबणं बरं दिसेल याचा विचार करू लागला.

घोटाळा झाला तो एवढ्याच मिनिटांत.

मुदपाकखान्याच्या खिडकीतून लव्हॉनबाईंनी पाहिलं, की ऑर्लिन स्क्रामस्टाड आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही करून घेऊन आलाय, बिचारा सुरी धरून ताटकळत उभा आहे आणि त्याच्या केकचा एक तुकडाही उठलेला नाही. त्यांचं काळीज गलबललं. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि टेबलाटेबलांवर वाकून कुजबुजल्या. ऑर्लिनच्या केकला कोणी हात लावलेला नाही, एवढंच त्या म्हणाल्या. नॉर्डबीत याचा परिणाम कोणाच्या गोठ्याला आग लागल्यासारखा होतो. लोकांनी तोंडातली वडी तशीच गिळली आणि मदतीला धावले.

रांग लागली. ऑर्लिनला सुरी कोणाच्या हाती द्यायची नव्हती, म्हणून जो येईल त्याला त्याला स्वतःच कापून द्यावं लागलं. स्वतः कापून देतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, किती हौसेने देतोय बघा, आणि न येणारेही आले. पहिल्या लव्हॉनबाई. मग त्यांचा नवरा, ज्याला गोड वर्ज्य होतं, पण बायकोला नाही म्हणणं त्याहून वर्ज्य होतं. मग ऑर्लिनचा मासेमारीचा जोडीदार हार्लन, बायकोने पाठीत बोट खुपसून ढकललेला. हार्लनने घास घेतला, वर छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "वेगळाच आहे." इकडे याहून कडक शिवी चर्चमध्ये देत नाहीत.

चौथा तुकडा गेल्यावर ऑर्लिनने रांग ओलांडून ताटली थेट मार्लिसपुढे नेली आणि घ्या म्हणाला. ती केककडे बघत होती, दिव्याकडे बघावं तशी. तरी म्हणाली, आधी सगळ्यांचं होऊ द्या, माझं काय. दुसऱ्यांदा झालं. आता एकदाच. ऑर्लिन वळला तर समोर ऑर्गन वाजवणारी बाई आणि तिच्या दोन बहिणी पेपर प्लेट पुढे करून उभ्या. आमच्यासाठी अगदी लहान काप, म्हणाल्या तिघीही. लहान कापल्यावर त्या नाराज दिसल्या, म्हणून त्याला नीट कापावं लागलं.

एक तुकडा उरला.

आणि ऑर्लिनला नियम आठवला. नॉर्डबीत शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. घेणाऱ्याची नोंद होते. घ्यायचा तर त्याचा अर्धा घ्यायचा. मग उरलेला अर्धा शेवटचा तुकडा होतो आणि त्याचाही अर्धाच घेता येतो. सरपंच असो की पास्टर, हा नियम सगळ्यांना सारखा. गेल्या हिवाळ्यात लिंबाच्या वडीचा एक शेवटचा तुकडा असा निम्मा निम्मा होत होत सायंकाळच्या बैठकीपर्यंत टिकला होता.

तो ताटली छातीशी धरून मार्लिसकडे निघाला. मधे पंधरा पावलं होती. तिसऱ्या पावलावर पास्टर गेलबाई भेटल्या. मी तर चाखलाच नाही, म्हणाल्या, आणि त्यांना नाही कसं म्हणणार. त्याने अर्धा कापून दिला. सातव्या पावलावर लव्हॉनबाई पुन्हा, कृती लिहून घ्यायची आहे तर एकदा चव पक्की करू दे म्हणत. दहाव्यावर त्यांचा नवरा. ऑर्लिन पोचला तेव्हा ताटलीत पोस्टाच्या तिकिटाएवढा केक होता, तोही जुन्या, स्वस्त तिकिटाएवढा. मार्लिसने त्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिकीटच असलं तरी ते शेवटचं होतं.

तेवढ्यात बाजूने हार्लनचा हात आला. त्याच्या बोटांत प्लास्टिकची सुरी होती आणि तिला वडीचा चुरा लागलेला होता. तो त्या तिकिटाचा अर्धा करायला निघाला होता, मित्राच्या प्रेमापोटी.

"हात मागे घे," ऑर्लिन म्हणाला. जोरात नाही म्हणाला, पण ते पार कॉफीच्या पिंपापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. "हा मार्लिसचा आहे. सगळाच तिचा होता."

नॉर्डबीतली माणसं सभ्य आहेत. कोणी वळून बघितलं नाही. पास्टरबाई आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचू लागल्या. ऑर्गनवाल्या बहिणींनी एकमेकींच्या कोटावरचे दोरे काढले. मुदपाकखान्यात तीन बायकांनी एकदम नळ सोडले आणि काहीही न धुता उभ्या राहिल्या. ऑर्लिनचे कान लालभडक झाले होते.

"सगळा?" मार्लिसने विचारलं.

"सगळा."

"मग मला द्यायचा होतात."

"दोनदा विचारलं."

"तीनदा विचारायचं असतं."

"तेच करायला येत होतो," ऑर्लिन म्हणाला. "वाटेत पास्टर भेटल्या."

मार्लिसने ताटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग तळघरातल्या चाळीस पाठींकडे. आणि तिने चिमटीत शेवटचा तुकडा उचलला, अख्खा, आणि तोंडात टाकला. कोणाच्या तरी हातातला चमचा फरशीवर पडला. ती चावत राहिली. तिकिटाएवढा केक माणूस किती वेळ चावू शकतो याला मर्यादा असायला हवी, पण तिने डोळे मिटून अकरा महिने चावला.

"मीठ घातलं नाहीत," शेवटी ती म्हणाली.

ऑर्लिनने आठवून पाहिलं. खरंच घातलं नव्हतं. त्याने तसं सांगितलं. त्याला वाटलं, संपलं. एक तुकडा खाल्ला, पण वाक्य काही पोचलं नाही. त्याने ताटली उचलली.

"मंगळवारी या माझ्याकडे," मार्लिस म्हणाली. "भांडं घेऊन या आणि ते यंत्र. माझ्याकडे मीठ आहे."

आणि ऑर्लिन स्क्रामस्टाड, जो अकरा महिने याचसाठी जीव टाकत होता, तो सत्तर वर्षांच्या सवयीने तोंड उघडून म्हणाला, "छे, छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

हार्लनने कपाळाला हात लावला. लव्हॉनबाई मुदपाकखान्याच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या होत्या.

"ऑर्लिन," मार्लिस म्हणाली, पोस्टाच्या खिडकीतून चुकीचा पत्ता परत करताना म्हणायची त्याच आवाजात. "मी तीनदा विचारणार नाही. दोनदासुद्धा नाही."

तोंडात दुसरं 'छे' तयार होतं, ते त्याने दात आवळून आत ठेवलं.

"किती वाजता?"

मुदपाकखान्यातले तिन्ही नळ एकदम बंद झाले, वेळ नीट ऐकू यावी म्हणून.

"साडेपाच," मार्लिस म्हणाली. "आणि जेवून येऊ नका."