पलटणीचा पिट्टू

“तुमी नोका घालू, वहिनी. भाऊच्या मापाची हाये थे,” शेषराव म्हणाला, पण तोवर सरस्वतीबाईने पदर कमरेला खोचून कातडी पिशवीचे दोन्ही पट्टे खांद्यांवर चढवले होते.

खामगावच्या बाजारातल्या शेषरावच्या दुकानात खोगिरं, लगाम आणि बैलांचे पट्टे यांची एरवीच दाटी. लढाई संपून पलटणीचा उरलेला माल लिलावात निघू लागला, तशी त्यात खाकी सामानाचीही भर पडली होती. इंद्रभान फोटोग्राफर दाराशी अवघडून उभा होता. आपली बायको भर बाजारात पाठीला पिशवी लावून उभी आहे आणि समोरचा पानवाला हात थांबवून बघतो आहे, हे त्याला पाहवत नव्हतं.

“सरस, ठेव ना खाली. मी पाह्यतो.”

“तुमी काय पाह्यता? तुमच्या पाठीवर कधी काचा होत्या का?”

ते खरं होतं. कॅमेऱ्याची पेटी आणि तिपाई इंद्रभानच्या खांद्यावर असायची. ज्यांवर फोटो उतरायचे त्या काचा मात्र जुन्या लुगड्याच्या झोळीत, सरस्वतीच्या पाठीवर. कपाशीची वेचणी आटोपली की दोघं सर्व्हिस मोटारीने सोनाळ्यापर्यंत जायची आणि तिथून पायी सातपुड्यात चढायची. वरच्या वस्त्यांवर दुसरा कुणी फोटोवाला जात नसे. दहा-बारा वर्षं हे चाललं होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरी मागे ठेवायलाही कुणी नव्हतं. यंदा पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज आली, दोन जिने चढली तरी दम लागू लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि डोंगर बंद सांगितला.

म्हणून ही खरेदी. आता सगळंच सामान इंद्रभानच्या एकट्याच्या पाठीवर जायचं होतं.

सरस्वतीने घरून खराब झालेल्या काचा फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. त्या कातडी पिशवीत घालून ती दुकानात चार पावलं चालली, वाकली, पुन्हा चालली. आतून किणकिण झाली.

“हे नाई चालत. वाकलं का कमरीत रुतते. अन् काच बोलते.”

शेषरावने वरच्या खुंटीवरून खाकी पिशवी काढली. “हा पलटनीचा पिट्टू. शिपाई घालून कोसकोस चालत. पन सुबक नाई दिसत.”

“पहाडात कोन पाह्यते सुबक?”

तिने पिट्टू जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापुढे बसकण मारली. काचा पाठीच्या बाजूला उभ्या लावल्या, पुढे कॅमेऱ्याऐवजी दुकानातलाच एक लाकडी ठोकळा ठेवला, मधल्या फटींत काळं कापड दाबलं. “काचा उभ्याच ठेवाच्या. आडव्या ठेवल्या का खालची फुटते. आयकून राह्यले ना?”

“हाव.”

पिट्टू चढवून ती रस्त्याला लागली. पाणपोईपर्यंत गेली आणि परतली. परतताना पावलं मंदावली. दुकानाच्या पायरीशी येऊन तिने भिंतीला हात टेकला. ओठ निळसर पडले होते. शेषरावने घाईघाईने पाण्याचा तांब्या आणला. इंद्रभान तिच्या खांद्यावरचे पट्टे काढू लागला, तर तिने त्याचा हात धरून ठेवला. श्वास जागेवर आल्यावरच सोडला.

“हाच घ्या,” ती म्हणाली. “काच बोलत नाई.”

“एवढ्या सालापुरताच लागन. पुढच्या साली तू येशीनच.”

ती बकलाशी खटपट करत होती. “पट्टा इथवरच घेजा. ढिला ठेवला तर मान दुखते,” एवढंच ती बोलली.

पिट्टू खरंच चांगला निघाला. चढणीवर इंद्रभानचे दोन्ही हात मोकळे राहिले. काचांचा आवाज नाही, खांद्याला ओढ नाही. वाटेवर दोनदा मात्र तो मागे वळून थांबला, नेहमीसारखा. मग पुन्हा चालू लागला.

वरच्या वस्तीतली तानुबाई दरवर्षी फोटो पुढच्या साली ढकलायची. गेल्या खेपेला सरस्वतीने तिच्याकडून वचनच घेतलं होतं. यंदा तानुबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली होती.

“बाई काऊन नाई आली?”

“तब्येत बरी नाई, माय. तू इकडं पाह्य, कॅमेऱ्याकडं.”

“पाहून राह्यली ना.”

काळ्या कापडाखालून त्याला दिसत होतं, तिची नजर भलतीकडेच होती. त्याने पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली, भिंगाकडे पाहिलं आणि पुन्हा नजर बाजूला गेली. शेवटी त्याने तसाच फोटो काढला.

घरी काच धुऊन वाळल्यावर बाजेवर पडलेल्या सरस्वतीने ती दाराच्या उजेडात धरली.

“हे अशी काऊन पाह्यते?”

“किती सांगतलं. आयकतच नव्हती.”

ती बराच वेळ पाहत राहिली. “मी दरसाली तथी, तुमच्या बाजूले उभी राहो ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी म्हनो त्याईले, त्या डब्याकडं नोका पाहू, भेव वाटते. मायाकडं पाहा.”

इंद्रभानने ट्रंकेतले जुने फोटो काढले. नवरदेव, म्हातारे, लेकुरवाळ्या बाया. पहाडातल्या सगळ्यांचीच नजर भिंगाच्या जरा बाजूला, एका ठेंगण्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला लागलेली होती. काहींच्या ओठांवर हसू फुटायच्या बेतात होतं. पहाडी माणसं कॅमेऱ्याला बुजतात, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.  तो सरस्वतीच्या पायांवर चादर ओढून तिथेच बसून राहिला.

वैशाखातल्या एका दुपारी तिने पाणी मागितलं आणि ते येण्याआधीच ती गेली.

पुढच्या हिवाळ्यात जावं की नाही, यावर त्याचे बरेच दिवस गेले. शेवटी तानुबाईचा फोटो पोचवायचा राहिला होता, म्हणून त्याने पिट्टू भरला.

तानुबाईने त्याला दुरूनच ओळखलं आणि ती लगबगीने घरात गेली. तो अंगणात पोचला तेव्हा ती सूप घेऊन बाहेर आली होती. सुपात तांदूळ, सुपारी, हळकुंड, कुंकवाचा करंडा आणि सोनाळ्याच्या बाजारातून आणलेला हिरवा खण. “मांगच्या सालची ओटी राह्यली होती,” ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरून पायवाटेकडे बघू लागली. “दमली का? मांगं राह्यली?”

“माय, थे वैशाखात गेली.”

 तानुबाईने सुपातल्या करंड्याचं सैल झालेलं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं आणि सूप आत नेऊन ठेवलं. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन.

“बस,” ती म्हणाली.

पिट्टू आतल्या फोटोसकट तसाच बाजूला उतरवून तो ओट्यावर टेकला. तीही खांबाला पाठ लावून खाली बसली. अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीच्या कणसांवर चिमण्या उतरल्या होत्या. दोघांपैकी कुणीच त्यांना हाकललं नाही.