बाभळीवरची घोंगडी

हा शाहीर कसला, रायभानच्या टोळीतलाच माणूस, असं आश्रुबाच्या मनानं घेतलं. नाहीतर पाच वर्षांमागं गोळी खाऊन मेलेल्या दरोडेखोराची चौकशी करत कुणी माळावर मेंढ्यांमागं हिंडतं होय?

माणिकराव शाहीर आश्रुबाच्या घोंगडीवर ऐसपैस टेकला. "मामा, रायभानवर पवाडा बांधायलोय. गरिबाचा वाली होता म्हणत्यात."

वाली! त्या वालीनं आश्रुबाच्या अकरा मेंढ्या फस्त केल्या होत्या, अन् बारावी वाळकी निघाली म्हणून वर थोबाडीत दिली होती. पण आता घरोघर त्याचेच गोडवे. खरं बोलायची सोय राहिली नव्हती.

"व्हय, लय देवमाणूस," आश्रुबा म्हणाला.

"मग फितूर कोण झालं? रायभान माळावर आलाय म्हणून बाभळीवर कायतरी वाळत घालून पोलिसाला खूण केली म्हणं कुणी."

ती खूण आश्रुबानंच केली होती, अन् बाभळीवर टाकली होती ती शाहिराच्या बुडाखालचीच घोंगडी. बेणं सगळं जाणून आलंय!

"मला काय ठाव? मी मेंढ्यांमागं होतो."

शाहीर नुसता हसला. त्या हसण्यानं आश्रुबाला आठ दिवस भाकर गोड लागली नाही.

ताडकळसच्या बाजारात शाहिराचा डफ वाजला, तेव्हा तो मिरच्या विकणाऱ्या कासाबाईच्या आडोशाला उभा राहिला. याच बाईनं फरारी रायभानला भाऊ मानून सहा महिने भाकरी पोचवल्या होत्या. शाहिरानं आश्रुबाचं नाव घेतलं अन् तो आणखी मागं सरकला. पण पवाड्यातल्या इमानी आश्रुबानं तर रडत रडत रायभानच्या प्रेतावर आपली घोंगडी पांघरली होती! लोक वळून त्याला हात जोडू लागले. जीव भांड्यात पडला त्याचा.

मग शाहिरानं आवाज चढवला.

"भाकर दिली ज्या हातानं, कासाबाईच्या त्याच हातानं, लुगडं टाकलं बाभळीवरी!"

कासाबाईपुढं मिरच्या निवडत बसलेल्या गिऱ्हाईक बाईनं मूठभर मिरच्या परत फडक्यावर टाकल्या. कुणीतरी थुंकलं.

"खोटं हाय हे!" कासाबाई उठली. "आश्रुबादादा, तुमी तर माळावरच होतात त्या दिवशी. सांगा की ह्यांना, लुगडं नव्हतं म्हणून!"

सगळा बाजार आश्रुबाकडं बघू लागला. त्यानं खांद्यावरची घोंगडी सावरली.

"लय दिस झाले, बाई. मला आठवत न्हाई."

लोक शाहिराला ओरडून तेच कडवं पुन्हा म्हणायला सांगू लागले. कासाबाई मात्र आश्रुबाच्या खांद्यावरच्या घोंगडीकडं बघत उभी राहिली.