पितळी पट्टीवरचे शंभर दिवस

घड्याळजीच्या दुकानात भिंतीवर तेवीस घड्याळं होती, पण त्याचा सगळा भरवसा एका भोकावर होता. खिडकीच्या फळीला त्याच्या वस्तादांनी ते मुद्दाम पाडलं होतं. त्यातून कवडसा फरशीवर उतरायचा, आणि तिथे बसवलेल्या पितळी पट्टीवर आला की दुकानात बारा वाजले. फोनमध्ये तेव्हा भलतंच काही वाजलेलं असे. "ती साऱ्या देशाची वेळ," घड्याळजी म्हणायचा, "ही आपल्या खोलीची." यावर कोणी वाद घालत नसे, कारण त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे अख्खी दुपार गेली.

दुकानाचा एक नियम होता. ज्याला कामाच्या टेबलावर बसायचं असेल त्याने जुनं लंबकाचं घड्याळ पूर्ण खोलून, साफ करून पुन्हा जुळवायचं, कवडसा पट्टीवर असताना बाराला लावायचं, आणि मग चावी देण्यापलीकडे शंभर दिवस त्याला हात लावायचा नाही. शेवटी फरक पाच मिनिटांच्या आत राहिला तर टेबल त्याचं. नाहीतर नमस्कार.

घड्याळजीच्या लेकीने तीन नोव्हेंबरला घड्याळ लावलं. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. चालून आलेली बँकेतली नोकरी तिने यासाठी नाकारली होती. शंभराव्या दिवशी कवडसा पट्टीवर आला, तेव्हा तिच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

घड्याळजीने पट्टी दोनदा तपासली. पण नियम म्हणजे नियम.

"तुझ्या काकाचंही अगदी असंच झालं होतं," तो म्हणाला. "मीच घेतली होती त्याची परीक्षा. एकेकाला हात नसतो, बाळा. आता बस चालवतो, सुखात आहे."

लेक रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने वही काढली.

"बाबा, दर रविवारी कवडसा पट्टीवर आला की फोनमधली वेळ लिहून ठेवलीय. बघा, तो दर आठवड्याला उशिरा येतोय. आणि माझ्या घड्याळात नि फोनमध्ये पहिल्या दिवशी जेवढं अंतर होतं, तेवढंच आज आहे. घड्याळ पुढे गेलं नाही. सूर्य मागे पडला."

"म्हणजे सूर्याला नापास करतेस?"

"पृथ्वीला. ती अगदी गोल फिरतच नाही. जानेवारीत सूर्याच्या जवळून जाते तेव्हा भरभर जाते, जुलैत लांब असते तेव्हा रेंगाळते. त्यात ती कललेली. म्हणून एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत दर वेळी बरोबर चोवीस तास होत नाहीत. काही सेकंद कमी, काही जास्त. ते साठत जातात."

"काहीतरीच! मग मी कसा पास झालो? अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता!"

"कोणत्या महिन्यात?"

"एक जूनला लावलं होतं. वस्तादांनी पाठ थोपटली होती माझी."

लेकीने वहीत चिकटवलेल्या, सूर्याच्या वेळांच्या छापील तक्त्यावर बोट ठेवलं. एक जून आणि नऊ सप्टेंबर. मधल्या दिवसांत सूर्य मागे पडतो नि पुन्हा वेळ गाठतो. शंभराव्या दिवशी कवडसा जवळजवळ ठरल्या वेळी हजर.

घड्याळजी खाली बसला. चाळीस वर्षं जो हात त्याने गावभर मिरवला होता, त्यातला निम्मा तरी जून महिन्याचा होता. आणि धाकट्या भावाला त्याने घड्याळ लावायला दिलं होतं ते नोव्हेंबरात. हे त्याला लख्ख आठवलं, कारण त्या दिवशी दोघेही हसत होते.

"तू टेबलावर बस," तो लेकीला म्हणाला. तिने आनंदाने काही विचारलं ते त्याला ऐकूच गेलं नाही. तो भावाचा नंबर शोधत होता.

"बोल दादा, लवकर. गाडी सुटायला चार मिनिटं आहेत."

"तुझं घड्याळ बरोबर होतं रे."

कोणतं घड्याळ, असं भावाने विचारलं नाही.

"मला माहीत होतं. लावलं मीच होतं ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलणार, दादा? तू सूर्य दाखवत होतास."