शेंड्याचं पाणी

"वॉल उघडतूस, का तो पाना माझ्याकडं देतूस?" धुरपताबाईने रिकामी घागर गुंडाप्पाच्या पायाशी आदळली. "दोन पाळ्या झाल्या, शेंड्याला थेंब न्हाय. आज बी न्हाय म्हणलास तर हितंच बसते. उठवाया पोलीस बोलाव."

तिच्यामागे पंधरा-वीस बायका होत्या आणि प्रत्येकीच्या कमरेवर नाहीतर डोक्यावर काहीतरी रिकामं होतं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. टाकी दहालाच भरली होती. गुंडाप्पा पाणी सोडायच्या वॉलच्या खड्ड्याशी उकिडवा बसला होता, लांब दांड्याचा पाना मांडीवर आडवा होता आणि गेला तासभर तो हातातल्या फोनकडे बघत होता.

"दम धरा, मावशी. पाइपातली हवा काढायची हाय."

"तासभर हवाच काढालास? तुझ्या डोक्यातली काढ आधी."

बायका हसल्या. एरवी गुंडाप्पाही हसला असता. सव्वीस वर्षं तो ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता आणि या कामाला कातडी जाड लागते हे त्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. पाणी आलं तर ते धरणाचं, नाही आलं तर गुंडाप्पाचं, असा गावाचा सरळ हिशेब होता.

माकणीच्या धरणाकडून येणारी पाइपलाइन उन्हाळ्यात नऊ दिवसांतून एकदा टाकी भरायची. टाकीतून निघालेला एकच पाइप आधी पेठेतल्या साठ घरांना पाणी देत जायचा, मग टेकाड चढायचा आणि वर जिथे संपायचा त्या बत्तीस घरांना गाव 'शेंडा' म्हणायचं. पेठेत घरोघर नळाला मोटार लावलेली. पाणी सुटलं की मोटारी घुरघुरायला लागत, सगळं पाणी तिथेच ओढलं जाई आणि शेंड्याच्या नळातून नुसती फुसफुस ऐकू येई. ग्रामसभेत ठराव झाले. दोन मोटारी जप्तही झाल्या. ज्यांच्या झाल्या त्यांनी आठवड्यात नव्या आणल्या.

यावर उपाय काढला तो आबारावने. आबाराव गावाचा लाइनमन, राहायला शेंड्यातच. गुंडाप्पापेक्षा दहा वर्षांनी मोठा. एका उन्हाळ्यात चहा पिता पिता तो म्हणाला होता, "गुंडू, मोटार पाण्यावर चालती व्हय रं? लाईटवर चालती. तू पाणी सोडतूस त्या येळंला म्या लाईट घालवतो. मग ओढू दे कुणाला ओढायचं ते."

पेठ आणि शेंडा एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर होते, त्यामुळे पेठेची लाईट घालवायची तर शेंड्याचीही जायची. पण अंधाराला कोण भीत होतं, तेही भरदिवसा? पाळीच्या दिवशी गुंडाप्पाचा फोन गेला की पाऊण तास लाईट जायची. पेठेतली पिठाची गिरणी धापा टाकत बंद पडायची आणि ती बंद पडली की गुंडाप्पा वॉल उघडायचा. पेठेने आधी शिव्या घातल्या, मग सवय करून घेतली. शेंड्यात नव्याने आलेल्या सुनाही गिरणी थांबली की घागरी उचलायला शिकल्या. आबाराव रिटायर झाला, त्याच्या जागी सीमेपलीकडचा महांतेश आला. त्याला आबारावनेच हाताखाली घेऊन तयार केलं आणि रीत तशीच चालू राहिली.

महिन्यापूर्वी आबाराव सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आला तो मशीन घेऊन. छाती निकामी झाली होती. उशाशी ठेवलेलं ते मशीन हवेतून ऑक्सिजन काढून नळीने त्याच्या नाकात सोडायचं आणि अष्टौप्रहर लाईटवर चालायचं. मशीन आणलंय हे शेंड्याला माहीत होतं, ते लाईटवर चालतं हे घराबाहेर फारसं कुणाला नव्हतं. घरी आल्यावरच्या पहिल्या पाळीला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नेहमीसारखी लाईट गेली, नेहमीसारखं पाणी आलं. संध्याकाळी गुंडाप्पा त्याला बघायला गेला तेव्हा आबारावची बायको सरुबाई ओसरीवर बसली होती.

"भावजी, ओठ निळे पडले होते वो," एवढंच ती म्हणाली. लाईट घालवू नका, असं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर गुंडाप्पाला सोपं गेलं असतं.

त्याने कुणाला न विचारता महांतेशला सांगून टाकलं, आता लाईट घालवायची नाही. गावाला सांगितलं, पाइपात बिघाड आहे. आणि आबारावला सांगितलं, वरून हुकूम आलाय, पाळीला लाईट बंद करायची नाही. गुंडाप्पाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्याचे कान तापले. पण आबारावने मान डोलावली. नोकरीत त्याने वरचे याहून खुळे हुकूम बघितले होते.

तेव्हापासून दोन पाळ्या शेंडा कोरडा होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. या गावात दोन्ही आटलेले होते, पण माणूस अडकायला तेवढे पुरत होते.

आज मात्र बेत वेगळा होता. आबारावचा मुलगा बुद्धघोष आठवडाभर खटपट करत होता आणि अखेर उमरग्यात त्याला एक ऑक्सिजनचा सिलेंडर भाड्याने मिळाला होता. तो आणायला बुद्धघोष पहाटेच गेला होता. सिलेंडर आला की मशीनची नळी काढून त्याला जोडायची आणि मग लाईट घालवायची. साडेदहापर्यंत येतो म्हणाला होता. बारानंतर टाकीतलं पाणी खालच्या वाडीला सोडावं लागायचं, त्यात बदल करणं गुंडाप्पाच्या हातात नव्हतं.

फोन वाजला. गुंडाप्पा बायकांपासून चार पावलं लांब गेला.

"मामा, हायवेवर कंटेनर आडवा झालाय," बुद्धघोष म्हणाला. "मागं-पुढं गाड्याच गाड्या. सिलेंडर जीपमधी हाय, पर जीप हालंना. दीड-दोन तास तरी लागत्याल."

"दुसऱ्या रस्त्यानं?"

"वळवाया जागा न्हाय, मामा. सिलेंडर खांद्यावर घेऊन चालत आलो असतो, पर अकरा किलोमीटर हाय."

गुंडाप्पाने फोन खिशात घातला. मागे वळला तर धुरपताबाई समोरच उभी.

"पेठेनं काय खाऊ घातलं तुला?" तिचा आवाज आता खाली आला होता आणि तो जास्त लागत होता. "माझी नात घरात बाळंतीण हाय. समृद्धी. टँकरचं गढूळ पाणी उकळून तिला न्हाऊ घालालाव आमी. लेकराच्या अंगावर पुरळ उठलंय. तुला म्या पोरासारखं समजत होते, गुंडाप्पा."

एक वाक्य बोललं की सुटका होती. आबाराव मशीनवर आहे, लाईट घालवली तर तो गुदमरतो, म्हणून तुम्हाला पाणी नाही. शेंड्याच्या बायका त्याच क्षणी गप्प झाल्या असत्या, घागरी घेऊन परतल्या असत्या. पण मग बत्तीस घरांची तहान आबारावच्या खाटेशी जाऊन बसली असती. आज नाही, तर दोन पाळ्यांनी कुणीतरी त्या खाटेकडे बघून मनात म्हणालं असतं, ह्याच्यापायी. ज्याने शेंड्याला पाणी दाखवलं त्याच्या वाट्याला हे यावं, हे गुंडाप्पाला सहन होईना. त्यापेक्षा आपण लाच खाल्लेली बरी.

"काय बोलायचं ते बोला, मावशी," तो म्हणाला.

आणि तेवढ्यात गिरणी थांबली.

आधी पट्ट्याचा आवाज जड झाला, मग फटफट सावकाश झाली, मग काहीच नाही. पेठेतला देवळाजवळचा भोंगा मध्येच तुटला.

"गेली लाईट," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळ्या बायका टेकाडाकडे पळत सुटल्या. धुरपताबाईने घागर उचलली, गुंडाप्पाकडे एकदा बघितलं आणि तीही निघाली.

गुंडाप्पाने फोन केलेला नव्हता. महांतेशचा नंबर लागायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"लाईट कुणी घालवाया सांगितली तुला?"

"आबांनी, मामा. त्यांचा फोन आलता. वरचा हुकूम हाय तर पोरगा सिलेंडर आणाया का गेलाय, कुठल्या साहेबाचा हुकूम, म्हणून इचारलं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, हुकूम न्हाय, गुंडाप्पामामांनी सांगितलंय म्हणून." महांतेश घुटमळला. "मग म्हणले, सिलेंडर आलाय, तू खुशाल घालव."

"सिलेंडर आला न्हाय, महांतेश."

"मग लावू का, मामा? लगेच लावतो."

लाव, हा शब्द गुंडाप्पाच्या ओठावर आला होता. टेकाडावर बायकांची धावपळ दिसत होती. लाईट आली की मोटारी सुरू होणार, शेंड्याला पुन्हा फुसफुस. आबारावने स्वतःचा श्वास पणाला लावून ही मिनिटं काढून दिली होती. ती मातीत घालायची? आणि नाही घातली, तर त्या माणसाचं काय? असा सवाल कधी कुणाच्या वाट्याला येऊ नये. गुंडाप्पाला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"धा मिन्टं थांब," तो म्हणाला. "म्या वर जाऊन सांगतो. फोन हातातच ठेव."

त्याने पाना वॉलवर बसवला. जुन्या पाइपाचा जोड निखळेल म्हणून तो वॉल कधी चौदा आट्यांपुढे उघडत नसे. आज चौदा झाले, पंधरा झाले, तो फिरवतच राहिला. एकोणिसाव्याला वॉल टेकला. पायाखालचा पाइप घोंघावला. पाना तिथेच टाकून गुंडाप्पा टेकाडाकडे पळाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चपला हातात घेऊन पळाला.

पेठेतल्या दारांत लोक उभे होते. नळाला बादल्या लावलेल्या, पण नुसती बादली भरायला किती पाणी लागतं? बाकीचं सगळं वर चढत होतं. शेंड्याच्या पहिल्या घराशी तो पोचला तेव्हा नळ ठसकत होते, हवा आणि गढूळ पाणी ओकत होते. पुढच्या घराशी येईपर्यंत धार बांधली गेली. मनगटाएवढी, पांढरी धार.

आबाराव उंबऱ्यात खुर्चीवर बसला होता. दाराशेजारी नळ होता आणि त्याने धारेखाली हात धरला होता. ऑक्सिजनची नळी गळ्यात लोंबत होती. सरुबाई मागे उभी राहून त्याला सुपाने वारा घालत होती. तिने गुंडाप्पाकडे बघितलं आणि पुन्हा सूप हलवायला लागली. आबारावचे ओठ जांभळे पडले होते. खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते.

"गुंडू," तो म्हणाला. मग थांबला. "प्रेशर... झकास हाय."

"आबा, लाईट लावतो."

आबारावने ओल्या हाताने त्याचं मनगट धरलं. त्या हातात ताकद नव्हती, पण गुंडाप्पाला तो सोडवता आला नाही.

"वरचा हुकूम... व्हय रं?" आबाराव हसायचा प्रयत्न करत होता. "समद्यांचं... भरू दे. मग... लाव."

धुरपताबाई शेजारच्याच घरातून बाहेर आली. पाणी आलं ते आबारावला सांगायला आली असावी, चेहरा उजळलेला होता. मग तिने गळ्यातली नळी बघितली. आतलं मुकं मशीन बघितलं. सरुबाईच्या हातातलं सूप बघितलं. आणि शेवटी गुंडाप्पाकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. गुंडाप्पाने मान खाली घातली.

ती मागे फिरली. गल्लीत तिची कुजबुज ऐकू आली, या दारातून त्या दारात. घागरींचे, बादल्यांचे आवाज एकदम थांबले. मग तिचा मोठा आवाज आला, आबारावला नीट ऐकू जाईल असा.

"माझं भरलं गं बाई. रांजण बी भरला."

"माझं बी," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "आता ठेवाया भांडं न्हाय."

पाणी येऊन सात मिनिटं झाली होती. साध्या पिंपाला चौदा लागतात, हे गुंडाप्पापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

बायका एकेक करून मुद्दाम आबारावच्या दारावरून निघाल्या. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या हातात बादली. सगळ्यांत शेवटी धुरपताबाई. घागर कमरेवर, अंग एका बाजूला कललेलं, पाय जड टाकत. भरली घागर नेताना बाई चालते अगदी तशी. भरल्या घागरीतलं पाणी बोलत नाही, अर्धीतलं बोलतं. तिची अर्धी रांजणात गेली होती, म्हणून तिने घागरीच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि वर तळवा घट्ट दाबून धरला होता.

आबाराव त्या रांगेकडे बघत होता. एकेका श्वासाला एकेक बाई पुढे जात होती.

"भरलं?" त्याने विचारलं. "समद्यांचं?"

"भरलं, आबा," गुंडाप्पा म्हणाला. या खेपेला त्याचे कान तापले नाहीत.

"मग लाव."

फोन लागला आणि लाईट आली. मशीनने एक बारीक शिट्टी घातली, आत घरघर सुरू झाली. सरुबाईने सूप टाकून नळी त्याच्या नाकाला लावली. खाली पेठेत गिरणी सुरू झाली आणि तिच्यामागोमाग मोटारी. नळाची मनगटाएवढी धार बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग तुटली. आबारावचा हात अजून नळाखालीच होता. तो त्याने काढला, पुसला नाही, तसाच ओला छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. जरा वेळाने खांद्यांची उचल कमी झाली. सरुबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पदर तोंडात धरला.

गुंडाप्पा बाहेर आला. वॉल बंद करायला खाली जायचं होतं. शेजारच्या दारात धुरपताबाई घागर उतरवत होती. सकाळी तीच घागर तिने त्याच्या पायाशी आदळली होती. आता ती दोन्ही हातांनी धरून, गुडघे टेकून, आवाज होऊ नये म्हणून हळूहळू जमिनीवर ठेवत होती.